घरात समुद्र सांभाळायचा तर: कोकणातल्या खाऱ्या पाण्याच्या टँकविषयी

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात स्नॉर्केलिंग आणि स्कूबा डायव्हिंगचा व्यवसाय वाढल्यापासून समुद्राच्या तळाशी काय चालते हे पर्यटकांनी पाहिलेच, पण पिढ्यानपिढ्या किनाऱ्यावर राहणाऱ्या अनेकांनीही ते प्रथमच पाहिले. त्यातून एक नवी हौस रुजू लागली आहे. होमस्टेच्या पडवीत, हॉटेलच्या दर्शनी दालनात किंवा घरच्या बैठकीच्या खोलीत रंगीत मासे आणि प्रवाळ असलेला खाऱ्या पाण्याचा टँक असावा, असे अनेकांना वाटते. त्यामागे एक हिशेबही असतो: समुद्र दारातच आहे, पाणी फुकट आहे, वाळू आणि दगड हाताशी आहेत, मग शहरातल्या माणसाला जे महाग पडते ते आपल्याला स्वस्तात जमेल. हा हिशेब जवळजवळ प्रत्येक ठिकाणी चुकतो. तो का चुकतो आणि कोकणातल्या घरात कोणता टँक खरोखर जमण्यासारखा आहे, हे या लेखात पाहू.

रीफ टँक म्हणजे नेमके काय

खाऱ्या पाण्याच्या टँकचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. पहिल्यात समुद्री मासे आणि सच्छिद्र खडक एवढेच असते. दुसऱ्यात त्या खडकांवर जिवंत प्रवाळही असते, आणि खऱ्या अर्थाने त्यालाच रीफ टँक म्हणतात. प्रवाळ ही वनस्पती नाही आणि दगडही नाही. पॉलिप नावाच्या लहान प्राण्यांची ती वसाहत असते. उथळ पाण्यातल्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल वस्तीला असते, ते प्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमान प्राण्याला देते. कठीण प्रवाळ पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन स्वतःचा चुनखडीचा सांगाडा बांधते. पाणी फार तापले की हे शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. त्यालाच ब्लीचिंग म्हणतात.

यावरून अशा टँकला काय लागते हे लक्षात येईल. तापमान साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस, खारेपणा लिटरमागे ३५ ग्रॅम, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी याचे माप) ८च्या किंचित वर, कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम, हे सर्वसाधारण लक्ष्य असते. याखेरीज अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल सामावून घेऊन पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता, पुरेशी असावी लागते, कारण सांगाडा बांधताना प्रवाळ तीच खर्च करत असते. नवशिके लोक यातला प्रत्येक आकडा तंतोतंत गाठण्यासाठी बाटल्यांमागून बाटल्या ओततात. वास्तविक आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी बहुतेक प्राणी जुळवून घेतात. तो एका दिवसात खाली-वर झाला तर मात्र त्यांना ते जमत नाही. खऱ्या समुद्रात पाण्याचा साठा इतका प्रचंड असतो की असे बदल फार हळू होतात. टँकमध्ये ते एका दुपारीही होऊ शकतात. म्हणून या छंदात मासे पाळण्यापेक्षा पाणी राखण्याचेच काम अधिक असते.

समोर समुद्र असताना मीठ विकत का घ्यायचे?

रीफ टँकसाठी बाजारात खास क्षारमिश्रण मिळते. स्वयंपाकाचे मीठ त्याला पर्याय ठरत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट असे बरेच काही ठरावीक प्रमाणात असते. हे मिश्रण लिटरमागे साधारण ३६ ते ३८ ग्रॅम लागते, म्हणजे २०० लिटरच्या टँकला पहिल्या भरण्यालाच सुमारे साडेसात किलो. एवढे पैसे मोजण्यापेक्षा जेटीवरून चार कॅन भरून आणावेत, हा विचार साहजिक आहे.

पण जेटीवरचे पाणी म्हणजे खुला समुद्र नव्हे. कोकणच्या किनाऱ्याला थोड्याथोड्या अंतरावर खाडी आहे, आणि सह्याद्रीवर कोसळलेला पाऊस याच खाड्यांमधून समुद्रात येतो. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ किनाऱ्यालगतचे पाणी गढूळ आणि कमी खारे असते. बंदरांच्या आसपास डिझेल, इंजिनचे तेल, मासळीचे धुवण आणि सांडपाणी यांची भर पडते. शिवाय समुद्राच्या पाण्यात असंख्य सूक्ष्म जीव असतात, जे कॅनमध्ये भरल्यावर मरू लागतात आणि पाणी नासवतात. माशांचे परजीवीही त्याच पाण्यातून घरात येऊ शकतात. मत्स्यबीज केंद्रे समुद्राचेच पाणी वापरतात हे खरे. पण ती ते वाळूच्या थरांतून गाळतात, निर्जंतुक करतात, साठवतात आणि तपासतात. ही सगळी यंत्रणा घरी उभारायची तर मिश्रण विकत घेणे स्वस्त पडते. ज्यांना समुद्राचेच पाणी वापरायचे आहे, त्यांनी ते पावसाळा सरल्यावर, खाडीच्या मुखापासून दूर, भरतीच्या वेळी होडीतून आणावे, बारीक गाळून अंधारात काही दिवस ठेवावे आणि खारेपणा मोजल्याशिवाय टँकमध्ये ओतू नये. खारेपणा मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर नावाचे छोटे उपकरण मिळते. पाण्याचा एक थेंब त्याच्या काचेवर ठेवून उजेडाकडे पाहिले की आकडा दिसतो.

मिश्रण ज्यात विरघळवायचे ते गोडे पाणीही शुद्ध असावे लागते. जांभ्याच्या कातळातल्या विहिरीचे पाणी पिण्यास उत्तम असले तरी त्यात लोह असू शकते, आणि शेती-बागांच्या जवळच्या विहिरीत नायट्रेटही. घरच्या आरओ यंत्रातले पाणी त्याहून बरे, पण विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर त्यात सहसा शून्य दाखवत नाही. आरओच्या पुढे डीआय, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या रेझिनची नळी जोडली की तो शून्यावर येतो.

याच ठिकाणी सर्वांत जास्त गफलत होते. टँकमधून पाणी वाफ होऊन जाते, तेव्हा मीठ मागेच राहते. समजा, २०० लिटरच्या टँकमधून रोज ३ लिटर पाणी उडते आणि मालक ती तूट रोज खाऱ्या पाण्याने भरून काढतो. प्रत्येक लिटरबरोबर ३५ ग्रॅम म्हणजे दिवसाला १०५ ग्रॅम मीठ टँकमध्ये वाढते, आणि दहा दिवसांत खारेपणा ३५वरून ४०च्या पुढे जातो. उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी शुद्ध गोड्या पाण्यानेच करायची. खारे पाणी फक्त पाणी बदलताना वापरायचे.

पाणी तयार व्हायला आठवडे का लागतात?

माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो माशांना घातक असतो, आणि पीएच जितका जास्त तितके त्याचे विषारी रूप अधिक. त्यामुळे गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात त्याचा धोका मोठा. निसर्गात काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही अपायकारकच, नायट्रेट मात्र थोड्या प्रमाणात मासे सहन करतात. या साखळीला नायट्रोजन चक्र म्हणतात. नव्या टँकमध्ये हे जीवाणू जवळजवळ नसतात.

ज्यांच्या घरी गोबर गॅस आहे त्यांना ही गोष्ट वेगळी समजवावी लागणार नाही. नव्या संयंत्रात शेण कालवून भरले म्हणून दुसऱ्या दिवशी चूल पेटत नाही. आत जीवाणूंची वस्ती वाढेपर्यंत थांबावे लागते, आणि गॅस सुरू झाल्यावरही रोज मोजकेच शेण घालावे लागते, नाहीतर आतले सगळे बिघडते. टँकचेही तसेच आहे. खडक, वाळू आणि खारे पाणी भरून, पंप सुरू करून, अमोनियाचा थोडा पुरवठा करत साधारण चार ते सहा आठवडे थांबावे. अमोनिया आधी वाढतो, मग उतरतो. पाठोपाठ नायट्राइट वाढतो आणि उतरतो. दोन्ही चाचण्या शून्य दाखवू लागल्या आणि नायट्रेट दिसू लागला की पहिला मासा आणता येतो. बाटलीतले जीवाणू घालून हा काळ कमी होऊ शकतो, पण चाचणी टाळता येत नाही. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते आहे, हा पुरावा नव्हे. अमोनियाला रंग नसतो.

ही वस्ती मुख्यतः खडकांच्या छिद्रांत आणि वाळूत राहते, म्हणून सच्छिद्र खडक हेच अशा टँकचे खरे फिल्टर असतात. आपल्याकडे सहज मिळणारा जांभा सच्छिद्र दिसतो, पण तो लोहयुक्त असतो, चुनखडीचा नसतो, आणि त्याची भुकटी पाण्यात उतरत राहते; तो टाळावा. पुळणीवरची वाळूही नको. रत्नागिरी परिसरातल्या काही किनाऱ्यांवर तर तिच्यात इल्मेनाइटसारखी काळी लोहखनिजे मिसळलेली असतात, आणि किनाऱ्यावरून वाळू उचलण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत ते वेगळेच. बाजारातली अ‍ॅरॅगोनाइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची वाळू आणि मानवनिर्मित खडक घ्यावेत. सिमेंटपासून घडवलेले खडक असतील तर ते पाणी बदलत काही आठवडे भिजवून मगच वापरावेत, कारण नवे सिमेंट पाण्याचा पीएच फार वाढवते.

याच्या जोडीला प्रोटीन स्किमर लागतो. खाऱ्या पाण्यात बारीक बुडबुडे सोडले की सेंद्रिय घाण त्यांना चिकटून फेसाबरोबर वर येते आणि कपात जमा होते. किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी जो पिवळसर फेस दिसतो, तो याच तत्त्वाने तयार होतो. पाणी हलते ठेवणारे एक-दोन वेव्हमेकरही हवेत.

छोट्या टँकने सुरुवात करणे सोपे नाही का?

नाही. चाळीस लिटरच्या टँकमध्ये एक मासा मेला आणि खडकामागे कुजत राहिला, तर सगळे पाणी बिघडते. २०० लिटरमध्ये निदान सावध व्हायला वेळ मिळतो. बाष्पीभवन, तापमान, खारेपणा या सगळ्यांतले चढउतार छोट्या टँकमध्ये झपाट्याने होतात. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ५० उंच हा आकार नवशिक्यासाठी चांगला. त्यात सुमारे २०० लिटर पाणी मावते, आणि काच, खडक, वाळू, स्टँड धरून एकूण भार ३०० किलोच्या आसपास जातो. जुन्या माडीच्या लाकडी तक्तपोशीवर तो ठेवू नये. स्टँड लोखंडी असेल तर कोकणच्या दमट खाऱ्या हवेत आणि टँकच्या शिंतोड्यांनी तो लवकर गंजतो. त्यापेक्षा बांधीव ओटा बरा.

पंखा लावून पाणी थंड राहणार नाही का?

ही कोकणातली खरी अडचण आहे, आणि मोठ्या शहरांतल्या वातानुकूलित खोल्या डोळ्यांसमोर ठेवून दिलेले सल्ले इथे अपुरे पडतात. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावरच्या घरात खोलीचे तापमान ३२-३३ अंशांवर सहज जाते. टँकमध्ये पंप आणि दिव्यांची उष्णता वाढते ती निराळी. पाण्यावर पंखा सोडला की बाष्पीभवन वाढते आणि पाणी निवते. कोरड्या हवेच्या देशावर हा उपाय काही अंश उतार देतो. पण हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर पाणी कमी उडते, आणि किनाऱ्यावरची मेमधली हवा तशीच असते. पंख्याचा उपयोग नेमका जेव्हा हवा तेव्हाच सर्वांत कमी होतो.

बर्फाच्या पिशव्या टाकणे हा उपाय म्हणून वाईट आहे, कारण तापमान एकदम खाली येते आणि पुन्हा वर चढते. स्थिरतेबद्दल वर जे म्हटले त्याच्या हे अगदी उलट. शेवटी चिलर घ्यावा लागतो. फ्रिजसारख्याच तत्त्वावर चालणारे हे यंत्र सगळ्या साहित्यात बहुधा सर्वांत महाग असते आणि वीजबिलही तेच वाढवते. समजा, ते ३५० वॉटचे आहे आणि उन्हाळ्यात दिवसाचे दहा तास चालते, तर रोज साडेतीन युनिट झाली. हा खर्च झेपणार नसेल तर टँकचा बेत सोडून द्यावा, असे मी स्पष्टच म्हणेन. निदान मातीच्या भिंतीच्या, उत्तरेकडच्या, कौलांखाली माळा असलेल्या खोलीत टँक ठेवला तर चिलरवरचा ताण कमी होतो. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर तो ठेवू नये.

वाळूत पडलेले प्रवाळ उचलले तर काय बिघडले?

इथे प्रश्न हौसेचा राहत नाही, कायद्याचा होतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली भित्ती, म्हणजे रीफ, बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि सागरी पंखे यांचा समावेश झाला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांना वाघाच्याच बरोबरीचे संरक्षण आहे. या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. समुद्रघोड्यांना आणि समुद्रकाकड्यांनाही याच कायद्याने संरक्षण मिळाले. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा हाही त्या प्राण्याचाच भाग मानला जातो, त्यामुळे 'ते तर आधीच मेलेले होते' हा बचाव टिकत नाही. मालवणच्या किल्ल्याभोवतीचा २९ चौरस किलोमीटरहून अधिक परिसर तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

कायद्यामागचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. आपल्या किनाऱ्यालगत प्रवाळ फार थोडे आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, गढूळ पाणी सोसणाऱ्या जातींचे ते तुटक पट्टे आहेत. मोठी भित्ती पाहायची तर विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत समुद्रात बुडालेल्या आंग्रिया बँक या पठारापर्यंत जावे लागते. कठीण प्रवाळाच्या अनेक जाती वर्षाला एखाद-दोन सेंटिमीटरच वाढतात. टँकसाठी तोडलेला मुठीएवढा तुकडाही बऱ्याच वर्षांची वाढ असू शकतो.

मऊ प्रवाळांपैकी बरीचशी वरच्या यादीत येत नाहीत आणि काही विक्रेते त्यांचा व्यापार करतात. पण २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अनुसूचींची मांडणी बदलली आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जातींसाठी नोंदणीचे स्वतंत्र नियम आले. म्हणून जातीचे शास्त्रीय नाव, आयातीची कागदपत्रे आणि पक्के बिल यांशिवाय काहीही विकत घेऊ नये. शंका असल्यास आधी वनविभागाकडे विचारावे. परदेशी मंडळींच्या व्हिडिओंमध्ये दिसणारे कठीण प्रवाळांचे भरगच्च टँक आपल्याकडे जसेच्या तसे उभारता येत नाहीत, हे आधीच मान्य केले तर पुढचे नियोजन सरळ होते, आणि महागड्या दिव्यांचा खर्चही वाचतो.

मग टँकमध्ये सोडायचे काय?

प्रवाळाशिवाय टँक ओकाबोका दिसेल ही भीती अनाठायी आहे. खडकांची कपार नीट रचली, त्यांवर वर्षभरात गुलाबी-जांभळे चुनखडी शैवाल पसरले आणि चार-पाच मासे त्यात घर करून राहिले, की तो टँक पाहण्यासारखा होतो.

पहिली निवड बंदिस्त पैदाशीच्या क्लाउनफिशची जोडी. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशसह अनेक शोभिवंत समुद्री माशांच्या पैदाशीची तंत्रे भारतात विकसित केली आहेत, त्यामुळे टँकमध्येच जन्मलेले मासे मिळू शकतात. असे मासे कोरडे खाद्य खातात आणि चटकन रुळतात. समुद्रातून पकडलेल्या माशांचे तसे नसते. आग्नेय आशियात कित्येक ठिकाणी मासे बेशुद्ध करून पकडण्यासाठी सायनाइड वापरले गेले आहे, आणि असे मासे वरून धडधाकट दिसूनही पुढे मरतात. क्लाउनफिश जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा आणि वरचढ मासा पुढे मादी होतो. म्हणून एक लहान आणि एक थोडा मोठा असे दोन घेतले की जोडी बहुधा जमते. समुद्रात ज्याच्या स्पर्शकांत ते राहतात ते समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोनी) त्यांना टँकमध्ये लागतेच असे नाही, आणि नव्या टँकमध्ये ते सहसा जगतही नाही.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने एकेक गोबी किंवा ब्लेनी (तळाशी राहणारे छोटे मासे), शैवाल खाणाऱ्या काही गोगलगाई, एखादी क्लीनर कोळंबी. डॅमसेल मासे स्वस्त आणि काटक, पण भांडखोर. आणायचेच तर सर्वांत शेवटी. ब्लू टँग माशाचा निळा रंग कितीही मोहवो, तो वाढून ३० सेंटिमीटरपर्यंत जातो आणि त्याला पोहायला लांब टँक लागतो. मँडरिन मासा कोपेपॉड नावाच्या बारीक जिवंत कवचधारी जीवांवर जगतो, त्यामुळे नव्या टँकमध्ये तो हळूहळू उपाशी मरतो. खडपातल्या डबक्यांत सापडणारे छोटे मासे आणून सोडण्याचा मोह होतो, पण त्यांची जात, पुढचा आकार आणि अंगावरचे परजीवी यांपैकी काहीच आपल्याला माहीत नसते.

प्रत्येक नवा मासा चार आठवडे वेगळ्या साध्या टँकमध्ये ठेवावा. खाऱ्या पाण्यातला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मुख्य टँकमध्ये शिरला की काढणे अवघड असते, कारण त्यावरचे तांबेयुक्त औषध कोळंबी आणि गोगलगाईंना मारते.

आठवड्याला सुमारे १० टक्के पाणी बदलावे. काढलेले खारे पाणी विहिरीच्या आसपास किंवा कलमांच्या आळ्यात ओतू नये. आणि नकोसा झालेला मासा समुद्रात कधीच सोडू नये. तो दुसऱ्या समुद्रातला असू शकतो, आणि त्याच्याबरोबर रोगही जातो.

वीज गेली तर?

पावसाळ्यात कोकणात वीज जाणे ही बातमी नसते. पंप थांबला की आधी ऑक्सिजन संपतो. खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा मुळातच कमी विरघळतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास, आणि पाणी तापले की आणखी कमी. घरच्या इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर आणि एक एअर पंप जोडून ठेवावा. दोन्ही मिळून फार वीज खात नाहीत. चिलर आणि दिवे बंद राहिले तरी चालतील. वीज नसताना खाद्य घालू नये.

सुरुवात केव्हा करावी?

दिवाळीनंतर. नोव्हेंबरमध्ये पाणी भरून चक्र सुरू केले तर डिसेंबर-जानेवारीच्या आल्हाददायक हवेत, चिलरवर भार नसताना, पहिली जोडी सोडता येते. मार्चपर्यंत बाकीचे मासे टप्प्याटप्प्याने येतात आणि मे महिन्याची उष्णता येईपर्यंत खडकांतली वस्ती पक्की झालेली असते. मेमध्ये टँक भरायला घेतला, तर चक्र पूर्ण होण्याआधीच पहिल्या पावसाबरोबर वीज जाऊ लागते.